आतल्या बाजूची कडी

बोलणारी मी एक कडी आहे, दाराची. ओतीव पितळेची, वीतभर लांब, दांड्याच्या टोकाला बोराएवढी गोल मूठ. आमच्या जातीला बोलायची सवय नाही. खट् करायचं आणि गप्प बसायचं, एवढंच आमचं काम. ऐकायची सवय मात्र दांडगी. दाराला चिकटून जन्म काढायचा म्हटल्यावर दुसरं करणार तरी काय? अलीकडे घर, पलीकडे जिना. कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना तोंड कसं होतं, हे मला न विचारता कळतं. लोक त्याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म एका ओतकामवाल्याच्या भट्टीतला. जुने नळ, तडकलेल्या घंटा, किल्ल्या हरवलेली कुलपं असं सगळं त्याने एका मुशीत वितळवलं आणि साच्यात ओतलं. कानशीने घासून माझं अंग गुळगुळीत केलं. म्हातारा मोठा चिकित्सक. मला दोनदा सरकवून बघितलं आणि म्हणाला, "ही पोरगी घरापेक्षा जास्त टिकणार."

त्याचं म्हणणं खरं झालं. न होतं तर बरं झालं असतं.

मला एका सुताराने घेतलं. नाव कुणी घेत नसे, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. लग्न नुकतं झालेलं, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतलेल्या, आणि पठ्ठ्याने स्वतःच्या घराचं दार स्वतः बनवलं होतं. असं दार की बंद केल्यावर फटीतून कागद सरकायचा नाही. त्या दाराला आतून मला बसवलं, चौकटीत माझा कोयंडा ठोकला आणि बायकोला हाक मारली, "अगं, लावून बघ." तिने दांडा सरकवला. मी खट् करून बसले. दोघं उगाचच हसली.

तिला सगळा मजला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही म्हणते. वहिनींना मी अहोजाहो करते आणि मिस्त्रीला करत नाही. का, ते पुढे कळेलच.

मग मुलगी झाली. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. चालायला लागली तशी तिला माझं वेड लागलं. टाचा उंच करायची, बोटं ताणायची, आणि हात पुरला नाही की भोकाड पसरायची. एकदा मिस्त्रीने हातातलं काम टाकून मला दारावरून काढलं आणि चांगलं हातभर खाली बसवलं. कोयंडाही खाली घेतला. वरची भोकं लाकडाच्या भुशाने आणि सरसाने बुजवली. वहिनी म्हणाल्या, "आता मोठ्यांनी वाकायचं का?" मिस्त्री म्हणाला, "वाकू की. तिला आपलं घर स्वतःच्या हाताने बंद करता आलं पाहिजे."

असा होता तो. हे मी मुद्दाम सांगते आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल, कडीने आधीच ठरवून ठेवलंय.

दारू कधी आली ते मला नेमकं सांगता येणार नाही. ती दार वाजवून येत नाही. आधी काम संपल्यावर प्यायचा. मग काम लवकर संपवून प्यायला लागला. मग कामाचं नावच राहिलं. वहिनी जिन्यातल्या पावलांवरून ओळखायच्या. वळणावर पावलं थांबली की त्यांचा हात पोळपाटावर तसाच राहायचा. शेजारणी विचारायच्या, "मिस्त्री दिसले नाहीत दोन दिवस?" वहिनी म्हणायच्या, "अंगात कणकण आहे त्यांच्या." सगळ्या मजल्याला ठाऊक होतं कसली कणकण, आणि सगळा मजला तरी तब्येतीची चौकशी करायचा. माणसं शेजाऱ्याला खोटं बोलायला लावतात आणि वर त्यालाच माया म्हणतात.

आता तो दिवस. सुट्टीचा होता, भर दुपारची वेळ. वहिनी आजारी बहिणीकडे गेलेल्या. भिंगरी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, एकटीच पुस्तक घेऊन बसलेली. वहिनी जाताना बजावून गेल्या होत्या, "बाबा तसे आले तर उघडू नकोस." तसे म्हणजे कसे, ते त्या घरात विचारावं लागत नव्हतं.

आधी जिन्यातून गाणं ऐकू आलं. मग शेजारच्या दारावर रंधा चालल्याचा आवाज. हो, रंधा! मिस्त्री चुकून शेजाऱ्यांच्या दाराशी उभा होता. किल्ली फिरेना, तेव्हा त्याने ठरवलं की दार फुगलंय. पिशवीतून रंधा काढला आणि लागला कड तासायला. शेजारी बाहेर आले, पोट धरून हसले, आणि खांद्याला धरून त्याला आमच्या दारापुढे उभं करून गेले. आत जाऊन फटीतून बघत बसले ते वेगळंच.

आमच्या दारात किल्ली फिरली, पण दार हलेना, कारण मी लागलेली होते. मिस्त्री ओरडला, "कुठल्या गाढवाने बसवलंय हे दार? बोलवा त्या सुताराला!"

कुणीतरी म्हणालं, "अहो, सुतार तुम्हीच की!"

"मी? मी असलं भिकार काम करत नाही!"

सगळा मजला हसला.

हे झालं दाराबाहेरचं. आता आतलं ऐका.

भिंगरी उठून दाराशी आली होती. खांद्याचा पहिला धक्का बसला तसे कोयंड्याचे स्क्रू कुरकुरले. तिने उजव्या हाताने माझा दांडा कोयंड्यात दाबून धरला. असं कधी करू नये, पण हे तिला कोण सांगणार? ती म्हणाली, "बाबा, मी आहे आत. बाबा, थांबा."

त्याला ऐकू गेलं. मी दारावरच होते, मला माहीत आहे. तो थांबला. मग म्हणाला, "मग उघड."

तिने उघडलं नाही.

लाथ बसली. कोयंडा चौकटीच्या लाकडासकट उपटून आला. येताना पिरगळला, आणि त्याच्या आणि माझ्या मध्ये तिचं मधलं बोट सापडलं. जो आवाज झाला तो लाकडाचा नव्हता.

मिस्त्री आत आला. "बघ, उघडलं की नाही," म्हणाला आणि पलंगावर आडवा झाला. लगेच घोरायलाही लागला.

भिंगरी रडली नाही. ओल्या फडक्यात बोट गुंडाळून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली, आई येईपर्यंत. समोरच्या दाराच्या फटीतून कुणीतरी विचारलं, "लागलं का गं?" ती म्हणाली, "नाही." फट मिटली.

बोट वाचलं, पण वाकायचं राहिलं. हाताची मूठ वळली तरी ते एकटं ताठ उभं राहतं.

वहिनींनी दुसऱ्या सुताराला बोलावून दार दुरुस्त करून घेतलं. घरात सुतार असताना बाहेरचा सुतार आला, तेव्हा मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडून होता. नवी कडी आली, लोखंडाची, जाडजूड. मला मिस्त्रीच्या हत्यारांच्या पेटीत टाकलं. मग वहिनींनी ती पेटी दाराबाहेर ठेवली, आणि पेटीमागोमाग मिस्त्रीलाही. आरडाओरडा नाही, काही नाही. "इथे पुन्हा यायचं नाही," एवढंच बोलल्या.

तेव्हापासून तो कामाच्या शेडमागच्या खोलीत राहू लागला, आणि मी पटाशी आणि करवतीच्या शेजारी.

दारू सोडायची त्याने आधी एका ठिकाणी खटपट केली. तिथे दारू सोडू पाहणारी माणसं जमायची, एकेक करत पार करायच्या बारा पायऱ्यांचा मार्ग होता आणि त्या पायऱ्यांच्या वर देव बसलेला होता. तिथल्या म्होरक्याला काका म्हणत. भला माणूस. त्याला त्याच्या देवाने खरंच हात दिला होता, उगाच कशाला नाव ठेवू? पण मिस्त्रीचं घोडं तिथेच अडलं. पेटी त्याच्या हातात होती, म्हणून मी ऐकलं.

"काका, माझा देवावर विश्वास नाही. पहिल्यापासून नाही. आज खोटे हात जोडले तर उद्या दारूबद्दलही खोटंच बोलेन."

काका म्हणाले, "अरे बाबा, मग तुझ्याहून मोठं काहीही मान. झाड मान, डोंगर मान. अगदीच काही नाही मिळालं तर दाराची कडी मान. फक्त स्वतःला मोठं समजू नकोस."

काका बोलून गेले, पण आमचा मिस्त्री शब्दाचा पक्का. खोलीवर आला, पेटी उपसली आणि मला फळीवर मांडलं. सकाळी कामाला निघताना म्हणायचा, "बाई, आज पिऊ देऊ नकोस." आठवडाभर मी देव होते. मग एका संध्याकाळी तो पिऊन आला, माझ्याकडे बघत राहिला आणि उचलून भिंतीवर फेकलं. "तुझ्याच्याने काय होणार?" म्हणाला. खरं आहे. मला त्याला अडवता येत नाही हे मला आधीच ठाऊक होतं. एकदा प्रयत्न करून झाला होता.

पुढे एक निवृत्त नर्स बाकाचा मोडका पाय दुरुस्त करायला घेऊन आली. सगळे तिला सिस्टर म्हणतात. आवाज खणखणीत, जीभ तिखट, आणि पूर्वी स्वतः बाटलीत बुडून वर आलेली. मिस्त्रीच्या तोंडाचा वास तिला दारातूनच आला.

"कामाच्या आधी घेतोस की नंतर?"

"कामाऐवजी."

सिस्टर हसली नाही. "बाक राहू दे. आधी माझ्याबरोबर दवाखान्यात चल. हात बघ कसे थरथरतायत. अंगातली उतरू दे, मग बोलू."

दवाखान्यातून आल्यावर तिने त्याला आपल्या बैठकीला बोलावलं. मिस्त्रीने आधीच सांगून टाकलं, "देवाचं असेल तर मी येणार नाही. कडीचंही करून झालंय."

सिस्टरने कडीचा किस्सा ऐकून कपाळावर हात मारला. मग विचारलं, "मिस्त्री, लांबलचक फळी कापताना एकटाच कापतोस?"

"छे. दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. नाहीतर फळी चिरते."

"धरणारा कोण असतो? देव?"

"नाही हो. जो मोकळा असेल तो."

"बस्स मग. आमच्याकडे तेवढंच आहे."

बैठक भरायची एका शिवणवर्गात. संध्याकाळी वर्ग सुटला की यंत्रांवर कापड टाकलेलं असायचं आणि त्यांच्या मधे ही मंडळी खुर्च्या मांडून बसायची. उठताना प्रत्येकाच्या कपड्याला रंगीत दोरे चिकटलेले. पायऱ्या बाराच होत्या, फक्त जिथे देव होता तिथे त्यांनी माणसं बसवली होती. माझ्याच्याने आवरत नाही, हे कबूल करायचं. एकट्याच्या डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, मदत मागायची. आपण काय काय केलं ते दुसऱ्या माणसाच्या तोंडावर सांगायचं. आपले दोष कुणी वरून काढून नेणार नाही, ते आपणच तासायचे, रोज थोडे थोडे. आणि ज्यांचं वाटोळं केलं त्यांची भरपाई करायची. पण त्या भरपाईने त्यांनाच पुन्हा इजा होणार असेल तर हात आखडता घ्यायचा.

त्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. मिस्त्रीने मला पेटीतून काढलं, ठोकून सरळ केलं आणि तिथे बसवलं, पण बाहेरच्या बाजूने. कारण तिथला नियम असा की बैठक चालू असताना आतून कडी घालायची नाही. उशिरा आलेल्याला दार ठोठावावं लागलं तर तो तसाच माघारी जातो, आणि माघारी गेलेला कुठे जातो ते त्या सगळ्यांना पाठ होतं. मी फक्त बैठक संपल्यावर लावायची. जन्मभर आतली असलेली मी, म्हातारपणी बाहेरची झाले.

मिस्त्री सुधारला. खोटं कशाला बोलू? हात थरथरायचा थांबला, कामं मिळू लागली, तोंडावर रंग आला. सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडायचा. मला कौतुक वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

त्या दुपारची गोष्ट त्याने पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. बोटाचं सांगितलं, "मग उघड" म्हणाल्याचंही सांगितलं. दुसऱ्यांदा रंध्याच्या भागाला कुणीतरी खुदकन हसलं. तिसऱ्यांदा मिस्त्रीने त्या हसणाऱ्यासाठी थोडा वेळ थांबून सांगितलं. या मंडळींची रीतच आहे ती. नवा माणूस भेदरलेला येतो, त्याला वाटतं आपणच जगातले एकटे पापी. मग जुन्यांपैकी कुणीतरी आपली जुनी फजिती सांगून त्याला हसवतं. हसला की तो पुढच्या वेळी येतो. यात वाईट काही नाही, माणसं वाचतात त्याने. पण सुतार तो सुतार. गोष्टीलाही त्याने रंधा मारला. जे टोचत होतं ते हळूहळू निघून गेलं आणि गोष्ट छान गुळगुळीत झाली.

भरपाईच्या पायरीवर आला तेव्हा तो आधी वहिनींकडे गेला. काय झालं ते बैठकीत सांगितलं, म्हणून मला कळलं. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माफी मागायला आलात की घेऊन जायला?"

तो चपला काढत होता, त्या त्याने पुन्हा पायात घातल्या.

"माझं सोडा," वहिनी म्हणाल्या. "माझं मी निस्तरलं. पोरीचं बघा."

भिंगरी आता स्वतंत्र राहते. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते. गावात एवढ्या दारांची कामं केली मिस्त्रीने, पण तिच्या घराचं दार पाहिलं नाही. एकदा सिस्टरला म्हणाला, "उंबऱ्याच्या आत नको. नुसतं बाहेर उभं राहू दिलं आणि 'बाबा' म्हणाली, तरी मला पुरे. दार कसलं आहे तेवढं बघून येईन." दुसरं काही त्याला नकोच होतं. बैठकीत त्याची पाळी आली की शेवट तिच्यापाशीच व्हायचा.

मग एके दिवशी तो धावतच जिना चढून आला. "सिस्टर, आमच्या हिचा निरोप आलाय. पोरगी येणार! इथे! बापाने काय चालवलंय ते एकदा बघते म्हणाली."

"मग फार नटूनथटून बसू नकोस," सिस्टर म्हणाली. पण तिने स्वतःच पदराने एक खुर्ची पुसली.

त्या संध्याकाळी मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आला. ती खुर्ची त्याने आधी पुढे ठेवली, मग मागे, मग दाराजवळ. दर पावलाला कान टवकारत होता. बैठक सुरू झाली तरी भिंगरी आली नाही. आला तो एक बसचा ड्रायव्हर, पहिल्यांदाच. बसला तोच मुळी खुर्चीच्या टोकावर, आणि सारखा दाराकडे बघायला लागला.

सिस्टर म्हणाली, "अरे मिस्त्री, सांग काहीतरी. याचा जीव भांड्यात पडू दे."

आणि मिस्त्रीने ती गोष्ट काढली.

जिन्यात पावलं वाजली ती त्याला ऐकू आली नाहीत, तो गाण्याच्या भागात होता. पावलं दाराशी थांबली. एक हात माझ्यावर येऊन विसावला. चार बोटं वळली, एक ताठच राहिलं.

आत मिस्त्री रंगात आला होता. रंधा कसा चालवला ते उभं राहून करून दाखवत असणार, कारण खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. "आणि मी म्हणतोय, बोलवा त्या गाढव सुताराला! आणि लोक म्हणतायत, अहो, तुम्हीच तो!" आत हशा. ड्रायव्हरचा हसण्याचा आवाज सगळ्यात मोठा होता, बिचारा किती दिवसांनी हसत असेल कोण जाणे. "मी म्हणालो, मी असलं भिकार काम करत नाही! मग घातली एक लाथ. दार गेलं आत. म्हटलं, बघ, उघडलं की नाही! आणि जाऊन मस्त झोपलो!"

टाळ्या. पुन्हा हसू.

ती वाट बघत होती. पुढचं वाक्य येईल म्हणून माझ्यावरचा हात घट्ट झाला होता. पुढचं वाक्य आलं नाही. नव्या माणसाला कशाला घाबरवायचं, म्हणून मिस्त्रीने बोटाचं गाळलं होतं.

भिंगरीने माझा दांडा हळूच सरकवला. मी खट् केलं, पण आत एवढं हसू चालू होतं की कुणाला कळलं नाही. ती जिना उतरून गेली. घाईने नाही, एकेक पायरी.

बैठक संपली तेव्हा दार उघडेना. "पिणाऱ्यांना कोंडून ठेवलंय कुणीतरी, बरंच केलं!" असं म्हणून ते त्याच्यावरही हसले. सिस्टरने खिडकीतून खाली हाका मारल्या, तेव्हा चहावाला वर येऊन मला सरकवून गेला. मिस्त्री रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "आली नाही पोरगी." मला त्या क्षणी वाचा असती तर! पण कडीच ती, तोंड घट्ट मिटून बसले.

पुढच्या बैठकीनंतर वहिनी स्वतः आल्या. मिस्त्री मला लावतच होता.

"ती आली होती," वहिनी म्हणाल्या.

"कधी? मी खुर्ची ठेवली होती तिच्यासाठी!"

"तुम्ही सगळे हसत होता तेव्हा."

मिस्त्रीचा हात माझ्यावर तसाच राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे ही कडी..."

"तिनेच लावली."

"अगं, नवा माणूस होता. त्याला धीर यावा म्हणून. इथे असंच करतात. आम्ही आमच्यावरच हसतो गं!"

"हसा की तुमच्यावर. कोण नको म्हणतंय? पण दारामागे तुम्ही नव्हता."

"मी जातो तिच्याकडे. समजावून सांगतो."

"जायचं नाही. निरोप दिलाय तिने. दारू सोडलीत ते चांगलं केलं म्हणाली. तिच्यासाठी सोडली असेल तर ते ओझं तिला नको म्हणाली. आणि ती गोष्ट तिची आहे. तुम्ही सांगायची नाही. कुणाला धीर द्यायलासुद्धा नाही."

"आणि माफी?"

"ते तिचं ती बघेल. नाहीतर नाही बघणार." वहिनी वळल्या. दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "जेवता ना वेळेवर?" असं विचारलं आणि उत्तर न घेताच गेल्या.

सिस्टर मागे उभी राहून सगळं ऐकत होती. मिस्त्री पायरीवर बसला. म्हणाला, "काकांच्या देवाने मला केव्हाच माफ केलं असतं, सिस्टर."

"केलं असतं."

"मग तुमचा काय उपयोग?"

"त्या माफीने तिचं बोट वाकलं असतं का?" सिस्टर म्हणाली. मग त्याच्या शेजारी बसली, गुडघे दुखत होते तरी. "तिच्या वतीने माफ करणारं इथे कुणी नाही रे. ते फक्त तिच्याकडे आहे, आणि तिने द्यायलाच पाहिजे असं नाही. आज पिऊ नकोस. एवढंच मी धरू शकते, बाकीचं नाही."

पुढच्या बैठकीला खुर्च्या मांडायला तो आला नाही. सिस्टरनेच मांडल्या, आणि प्रत्येक खुर्ची जरा आपटूनच. बैठक अर्धी झाल्यावर मिस्त्री आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. सिस्टर उठली आणि दारातच त्याला म्हणाली, "आ कर."

त्याने लहान पोरासारखा आ केला. तिने वास घेतला. काही नव्हतं.

"बस," ती म्हणाली.

त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "माझ्याकडे सांगण्यासारखं जे होतं ते माझं नव्हतं." एवढंच. लोकांना वाटलं रुसलाय, होईल ठीक. पण तो त्यानंतर ती गोष्ट बोललाच नाही. जिथे बोलणं हेच औषध, तिथे तो आपली सगळ्यात चांगली गोष्ट गिळून बसतो. त्या गोष्टीने त्याला माणसं मिळाली होती, मान मिळाला होता. आता नव्यांना हसवायला ड्रायव्हर पुढे सरसावतो. मिस्त्री खुर्च्या मांडतो, उचलतो, कपड्याचे दोरे काढत घरी जातो. पीत नाही. पण त्या न पिण्याचं बक्षीस म्हणून कुठलं दार उघडलं, असं काही झालेलं नाही. भिंगरी पुन्हा आली नाही.

परवा ड्रायव्हर आपल्या मेहुण्याला घेऊन आला होता. निघताना म्हणाला, "मिस्त्री, याला ती रंध्याची गोष्ट सांगा ना. हसून हसून मेलो होतो मी."

"नाही."

"का हो? एवढी झकास गोष्ट!"

मिस्त्रीने मला सरकवलं. "माझी नाही ती," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

आता माझं पितळ काळवंडलंय. शिवणवर्गातल्या मुली येता-जाता ओढणी अडकवतात, म्हणून माझ्या मुठीला कायम एखादा धागा लोंबत असतो. पॉलिश कुणी करत नाही आणि मला हौसही नाही. तुम्ही म्हणाल, बंदी असलेली गोष्ट मग हिने कशी सांगितली? बंदी त्याला आहे. मी त्या दुपारी तिच्या बाजूला होते, दाराच्याही आणि तशीही. आणि मी ती हसवायला सांगितली नाही.

येते आता. जाता जाता एकच मागणं. दारुड्याने दार कसं मोडलं याचे किस्से तुम्हीही ऐकले असतील, चहावर, जिन्यात, लग्नाच्या मांडवात. सांगणारा रंगवून सांगतो, आणि हसू येतं, येऊ दे. हसून झालं की सांगणाऱ्याला एवढंच विचारा: तेव्हा आत कोण होतं?